फक्त भोकाची त्रिज्या सांगा



बे एरियातली बहुतेक मंडळी कधी ना कधी २८० फ्रीवेवरून सँड हिल रोडच्या आसपास गेलेली असतात. तिथे फ्रीवेच्या खालून एक लांबच लांब, पट्टीने आखल्यासारखी सरळ इमारत जाते. तब्बल तीन किलोमीटर! पुष्कळांना ते कसलं तरी गोदाम वाटतं. ते आहे स्लॅक, म्हणजे स्टॅनफर्डचा लिनिअर अ‍ॅक्सलरेटर. वरच्या इमारतीत मायक्रोवेव्ह तयार करणारे क्लायस्ट्रॉन आणि त्याच्या खाली जमिनीतल्या बोगद्यात इलेक्ट्रॉनची शर्यत.

मी तिथे नोकरीला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर 'पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, लॅब दाखवशील का' अशा मेल येतील :-)

मी साधा आयटीवाला. इंदूरचा, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. काही वर्षं विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळली आणि मग एका लहानशा कंपनीत आलो. विद्युतचुंबकीय क्षेत्रांची गणितं करणारे मोठाले प्रोग्राम आम्ही सांभाळतो, आणि आमची गिऱ्हाइकं म्हणजे अ‍ॅक्सलरेटर बांधणारे लोक. प्रोग्राम हजारो प्रोसेसरवर नीट पळतोय ना, एवढं बघायचं माझं काम. पगार थोडा कमी झाला. बायको म्हणाली, "रोज संध्याकाळी चिडचिड करत घरी येत नाहीस, तेवढं पुरे." आई मात्र फोनवर अजून विचारते, "विम्याचं काम बरं होतं की रे. आता नक्की काय करतोस?"

आईला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून पुढे एसटी चाललीय आणि मागे तुम्ही स्कूटरवर. एसटी खड्ड्यातून गेली की पाणी उडतं. एसटीला काही होत नाही, आंघोळ तुमची होते. अ‍ॅक्सलरेटरमध्ये तेच. इलेक्ट्रॉन एकेकटे जात नाहीत, पुंजक्यांनी जातात. एकेका पुंजक्यात कोट्यवधी इलेक्ट्रॉन. ज्या नळीतून ते जातात ती गुळगुळीत नसते, कारण इलेक्ट्रॉनना ढकलण्यासाठी मायक्रोवेव्ह साठवायच्या तर पोकळ्या हव्यात. त्यांना कॅव्हिटी म्हणतात. ओळीने पोकळ्या, आणि दोन पोकळ्यांच्या मध्ये भोक असलेली चकती. स्लॅकची मूळ तांब्याची नळी अशी ऐंशी हजारांहून जास्त चकत्यांची होती. पुंजका भोकातून गेला की त्याचं विद्युतक्षेत्र चकतीच्या कडेवर आपटतं, थोडं मागे राहतं, आणि मागून येणाऱ्यांना त्याचे धक्के बसतात. याला म्हणतात वेकफील्ड, म्हणजे होडीच्या मागे उठणाऱ्या लाटेसारखं क्षेत्र.

हीच गोष्ट वेळेच्या ऐवजी फ्रिक्वेन्सीच्या भाषेत सांगितली की तिचं नाव होतं बीम इंपीडन्स. आपण कॉलेजात शिकलो तोच ओहमचा नियम: करंट इथे बीमचा, आणि त्या बीमने स्वतःच्याच वाटेत उभं केलेलं व्होल्टेज. दोन्हींचा भागाकार म्हणजे इंपीडन्स, एकक ओहमच. ही कल्पना १९६६ साली सर्नमध्ये विट्टोरिओ वाकारो यांनी मांडली.

१९६६ हे साल या विषयात मोठं गमतीचं आहे. त्याच वर्षी स्लॅकच्या पूर्ण लांबीतून पहिला बीम गेला, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की करंट वाढवला की बीम नळीतच हेलपाटायला लागतो आणि भिंतीवर जाऊन संपतो. वेकफील्डचेच प्रताप. उपाय काय केला? चुंबकांची पकड घट्ट केली, आणि काही पोकळ्यांना बाहेरून दाबून चक्क पोचे पाडले. पोचा पडला की त्या पोकळीचा नको असलेला सूर जरासा बदलतो, आणि मग सगळ्या पोकळ्या एका सुरात बीमला झोके देत नाहीत. आणि तिसरी गोष्ट: केन यी नावाच्या गणितज्ञाने मॅक्सवेलची समीकरणं जाळीवर, म्हणजे चौकटी-चौकटींत तोडून, कॉम्प्युटरवर सोडवायची पद्धत मांडली तीही १९६६ मध्येच. आज आमच्या पोटापाण्याची सोय त्या पद्धतीच्या लेकी-नातींवर चालते.

*

आता खरी अडचण. कमी फ्रिक्वेन्सीचं इंपीडन्स काढणं तसं सरळ आहे. पोकळी घंटेसारखी असते, तिचे ठरावीक सूर असतात. ते एकेक करून शोधायचे, यादी करायची, झालं. पण फ्रिक्वेन्सी वाढली की लाटा पोकळीत अडकून राहत नाहीत, भोकातून आणि नळीतून पुढे-मागे पळू लागतात. टेस्ला जातीच्या कॅव्हिटीचं उदाहरण घ्या. (गाडीशी संबंध नाही. हे नाव नव्वदच्या दशकात हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेतल्या प्रकल्पाचं.) ही नायोबियमची अतिवाहक कॅव्हिटी आहे, साधारण एक मीटरची, नऊ पोकळ्यांची, १.३ गीगाहर्ट्झवर चालणारी. तिच्या दोन्ही टोकांच्या नळीतून साधारण तीन गीगाहर्ट्झच्या वरची प्रत्येक लाट बाहेर निसटू शकते. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सफेलमध्ये आणि स्लॅकच्या नव्या एलसीएलएस-टू मध्ये याच जातीच्या कॅव्हिटी आहेत. एलसीएलएस-टू मधून पहिले क्षकिरण निघाले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि त्यासाठी जुन्या बोगद्यातला पहिल्या किलोमीटरचा तांब्याचा भाग काढून टाकावा लागला.

अशा यंत्रांत पुंजका फार आखूड असतो. समजा २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. जितका पुंजका आखूड तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सी तो जागवतो. २५ मायक्रॉनचा पुंजका जवळपास दोन टेराहर्ट्झपर्यंत पोचतो. कॅव्हिटीचं स्वतःचं काम १.३ गीगाहर्ट्झवर, आणि हिशोब करायचा हजारपटीहून वरचा!

आयटीवाल्याच्या नजरेने बघा. पुंजका नीट दिसायचा तर त्याच्या लांबीत निदान पाच चौकटी हव्यात. म्हणजे चौकट ५ मायक्रॉनची. एक मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद-उंच अशा एका कॅव्हिटीची सगळी जागा अशा चौकटींनी भरायची तर चौकटी लागतात ३२० लाख कोटी. प्रत्येक चौकटीत क्षेत्राचे सहा आकडे. नुसती मेमरीच १५ पेटाबाइट्स! आणि पुंजका अर्धा केला की हिशोब सोळापट. 'अजून मशिनं घ्या' हे आपल्या धंद्यातलं आवडतं उत्तर इथे कोलमडतं.

म्हणून युक्त्या. पुंजका प्रकाशाच्या वेगाने जातो, तेव्हा पुढे काय आहे याची त्याला खबर नसते, आणि फार मागचं आपल्याला नको असतं. मग पुंजक्याबरोबर सरकणारी एक छोटी खिडकी घ्यायची आणि तेवढ्यातच गणित करायचं. दुसरी युक्ती: कॅव्हिटी गोल आहे, तर तिची गोलाई वापरून तिसरी मिती वाचवायची. इतकं केलं की गोष्ट आवाक्यात येते. येते असं वाटतं, म्हणा ना.

आता एसटीकडे परत येऊ. चाकाखालून उडालेलं पाणी तिरकं येतं. तुम्ही एसटीला अगदी चिकटून असाल तर ते त्याच खड्ड्यापाशी तुमच्या अंगावर पडत नाही, बरंच पुढे गेल्यावर पडतं. चकतीच्या कडेवरून निघालेली लाटही तशीच. ती तिरकी निघते, पुंजका सरळ जातो, दोघांचा वेग सारखाच. पुंजक्याच्या शेपटीपर्यंत ती लाट पोचायला लागणारं अंतर म्हणजे भोकाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले पुंजक्याच्या लांबीची दुप्पट. टेस्ला कॅव्हिटीत भोकाची त्रिज्या ३५ मिलिमीटर. २५ मायक्रॉनच्या पुंजक्यासाठी उत्तर येतं साडेचोवीस मीटर!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या चकतीने मारलेली चापट पुंजक्याला बसते ती चोवीस मीटर पुढे गेल्यावर. तोवर तो अशा पंधराहून जास्त कॅव्हिटी ओलांडून गेलेला असतो. मग एका कॅव्हिटीचा हिशोब करून तिला आठने गुणलं आणि आठ कॅव्हिटींच्या एका डब्याचा (क्रायोमॉड्यूलचा) आकडा काढला, असं चालतच नाही.

*

याच आकड्यावरून आमच्याकडे एकदा पंचाईत झाली होती. तीच सांगायला बसलो आहे.

एका गिऱ्हाइकाला प्रश्न होता उष्णतेचा. वेकफील्डमध्ये गेलेली ऊर्जा शेवटी कुठेतरी उष्णता होऊन बसणार. अतिवाहक कॅव्हिटी द्रव हेलियममध्ये २ केल्विनला ठेवलेली असते, म्हणजे उणे २७१ सेल्सिअस. तिथून एक वॅट उष्णता बाहेर काढायला भिंतीच्या प्लगमधून सातशे ते हजार वॅट वीज जाते. त्यावर आणखी एक मेख: साधारण ७०० गीगाहर्ट्झच्या वर नायोबियमचं अतिवाहकपण त्या लाटांपुरतं संपतं, आणि तो साध्या धातूसारखी ऊर्जा शोषू लागतो. म्हणून दोन डब्यांच्या मध्ये सिरॅमिकची एक कडी बसवतात, तीही ७० केल्विनच्या आसपास, म्हणजे ऊर्जा तिथेच शोषली जावी, थंडगार भागात जाऊ नये. किती ऊर्जा निघणार, हे यंत्र बांधायच्या आधी सांगायचं. मोजून बघायला यंत्रच नसतं. गोठवायची यंत्रणा किती मोठी घ्यायची हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. कमी सांगितला तर पुढे बीमचा करंट कायमचा कमी ठेवावा लागणार, जास्त सांगितला तर काही लाख डॉलर उगाच जमिनीत.

आम्ही तीन वेगवेगळ्या बारकाईच्या जाळ्यांवर प्रोग्राम पळवला. तीन उत्तरं आली. जाळी बारीक केली की आकडा हलायचा, आणि स्थिरावायचं नाव नाही. चित्रं मात्र काय सुंदर यायची! निळ्या-लाल लाटा पोकळीत फिरतायत... मीटिंगमध्ये दाखवली की सगळे खूष.

आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार म्हणून येतात, आठवड्यातून एक दिवस. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणतो. त्यांनी चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "फक्त भोकाची त्रिज्या सांगा."

मी म्हटलं, "आणि पोकळीची खोली? आकार?"

"नको. त्रिज्या."

३५ मिलिमीटर म्हटल्यावर पेपर नॅपकिनवर त्यांनी चार ओळी लिहिल्या. आठ कॅव्हिटींचा डबा, ३०० पिकोकूलोंबचा पुंजका, सेकंदाला दहा लाख पुंजके. उत्तर: साधारण ११ वॅट. कॉम्प्युटर बंद.

मला खरंच विश्वास बसेना. पोकळीचा आकारच न बघता? तेव्हा त्यांनी समजावलं, आणि ती गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली. पुंजक्याच्या अगदी, अगदी मागे असणाऱ्या इलेक्ट्रॉनला पोकळी किती खोल आहे हे कळायला वेळच नसतो. खोल भिंतीपर्यंत जाऊन परत यायच्या आत तो पुढे निघून गेलेला असतो. त्याला कळतात त्या फक्त भोकांच्या कडा. म्हणून अशा चकत्यांच्या लांबच लांब रांगेत, अंतर शून्याकडे गेलं की वेकफील्डचं मोठेपण फक्त भोकाच्या त्रिज्येवर ठरतं, तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. तांबं असो, नायोबियम असो, पोकळी चौकोनी असो की अंड्यासारखी. जितकं सूक्ष्म बघाल तितकी रचना आपला आकार विसरत जाते!

हे काही मास्तरांचं स्वतःचं नव्हे, तेही तसं म्हणाले. रॉबर्ट ग्लुकस्टर्न यांनी १९८९ मध्ये रांगेतल्या पोकळ्यांचं वरच्या फ्रिक्वेन्सीचं इंपीडन्स कागदावर काढलं, आणि काओरू योकोया व कार्ल बेन यांनी १९९९ मध्ये ते आणखी पक्कं केलं. एकट्या पोकळीचं इंपीडन्स फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होत जातं. लांब रांगेत ते त्याहून झपाट्याने, फ्रिक्वेन्सीच्या दीड घाताने, उतरतं. कारण पुढच्या चकतीवर आधीच्या चकतीची सावली पडते: आधीच्या भोकाने जे क्षेत्र छाटलं ते पुढच्या भोकाला पुन्हा छाटावं लागत नाही.

मग मास्तर म्हणाले, "आता तुमचा आकडा मला नको. आलेख लॉग-लॉगवर काढा आणि शेवटचा उतार किती येतो ते सांगा."

काढला. उतार अर्धाही नव्हता आणि दीडही नव्हता. टोकाला आलेख चक्क सपाट होऊन थरथरत होता. कारण जाळीतच होतं. यीच्या मूळ पद्धतीत जाळीवरून जाणारी लाट प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचित हळू पळते. एरवी कोणाला फरक पडत नाही. पण इथे चोवीस मीटर धावल्यावर २५ मायक्रॉनचा हिशोब लागायला हवा, म्हणजे दहा लाखांत एक भाग! तेवढ्या पल्ल्यात जाळीवरची लाट पुंजक्याच्या मागेच पडते, आणि आपण मोजत असतो ते यंत्राचं वेकफील्ड नव्हे, जाळीचं. या दुखण्यावर औषध आहे. बीमच्या दिशेने लाट अजिबात मागे पडणार नाही अशा पद्धती इगोर झागोरोदनोव्ह आणि थॉमस वायलँड यांनी विकसित केल्या आहेत. तशा पद्धतीकडे वळलो, आणि एका कॅव्हिटीऐवजी ओळीने तीन डबे घेतले.

अडचण एवढीच की मीटिंग परवावर आली होती. मॅनेजरचं म्हणणं, "सर्वांत बारीक जाळीचा आकडा द्या, वर थोडी सूट ठेवा." मी म्हटलं, उतार जुळेपर्यंत मी आकडा देणार नाही. कंत्राट नव्याने व्हायचे दिवस होते, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांसारखा मीही इथे व्हिसावर. घरी सांगितल्यावर बायको क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "विम्याच्या हापिसात तू हेच म्हणू शकत नव्हतास म्हणून सोडलंस ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन आठवडे मिळाले. दुसऱ्या आठवड्यात आलेख उतरू लागला. पहिल्या डब्यात अर्ध्याच्या जवळ, तिसऱ्यापर्यंत दीडकडे झुकलेला. पहिल्या डब्यातली ऊर्जा मास्तरांच्या ११ वॅटच्या वर आणि पुढच्या डब्यांत हळूहळू त्या आकड्याकडे येणारी. म्हणजे कडी सगळीकडे सारखी चालेल, पण सुरुवातीच्या डब्यांना थंडाव्याची जास्त सोय हवी. हे नॅपकिनवरून कळलं नसतं. मास्तरांनाही नाही. नॅपकिन फक्त शेवट सांगतो, तिथवरचा रस्ता प्रोग्रामच सांगतो. आणि प्रोग्राम खरं बोलतोय का, हे सांगायला परत नॅपकिनच लागतो.

*

या त्रिज्येवर केवढे निर्णय होतात बघा. भोक अर्धं केलं तर बीमच्या दिशेचं वेकफील्ड चौपट, आणि बीमला बाजूला ढकलणारं सोळापट वाढतं. पण लहान भोकाच्या कॅव्हिटीला ऊर्जा कमी पुरते. सर्नच्या क्लिक प्रकल्पातलं भोक तीन मिलिमीटरच्या आसपास त्रिज्येचं. २००४ साली आंतरराष्ट्रीय लिनिअर कोलायडरसाठी अतिवाहक तंत्र निवडलं गेलं, त्यामागच्या कारणांत मोठ्या भोकाचं सुखही होतंच.

आणि आम्हा इंदूरकरांना थोडी फुशारकी मारू द्या. आमच्या गावात 'कॅट' म्हणजे मांजर नव्हे, राजा रामण्णा सेंटर. त्याचं जुनं नाव कॅट, ते लोकांच्या तोंडी अजून आहे. तिथे इंडस-टू नावाचं अडीच गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं वर्तुळाकार यंत्र आहे, आणि नायोबियमच्या कॅव्हिटींवर कामही चालतं. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये पिप-टू नावाचा अतिवाहक अ‍ॅक्सलरेटर होतो आहे, त्यात इंदूर आणि ट्रॉम्बेसकट चार भारतीय संस्थांचा हातभार आहे. कॉलेजात असताना कॅट रोडवरून शेकडो वेळा गेलो असेन, आत काय चालतं ते कळलं इथे येऊन.

सध्या आमच्याकडेही एआयचं वारं आहे. लांब पुंजक्यांची हजार गणितं शिकवायची आणि आखूड पुंजक्याचं उत्तर मॉडेलकडून सेकंदात घ्यायचं, असा बेत. माझा विरोध नाही, उलट ते जुळवून द्यायचं काम माझ्याकडेच आहे. फक्त मी एक चाचणी घातली आहे: पुंजका आखूड करत नेला की उतार दीडकडे जातो का? आणि शेवटी फक्त त्रिज्या उरते का? ज्या टोकाचं उत्तर आपल्याला कागदावर माहीत आहे तिथेच ते मॉडेल चुकत असेल, तर जिथलं माहीत नाही तिथलं त्याचं ऐकायचं कशाला? पहिल्या मॉडेलचा उतार आला एकच्या जवळ. दुसरं शिकवतोय.

कंत्राट झालं, हो. मॅनेजरही आता मीटिंगमध्ये विचारतो, "उतार काय आला?"

आपल्यापैकी जिनिव्हा, हॅम्बुर्ग किंवा शिकागोकडे कोणी या कामात असेल तर जरूर लिहा. विशेषतः त्या सिरॅमिकच्या कडीत प्रत्यक्षात किती उष्णता जाते हे कोणी मोजलेलं असेल तर ऐकायला फार आवडेल. आमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघायचा आहे.

आपला,
(उतारावर नजर ठेवून असलेला) इंदूरकर